साहेबाचा उन्हाळा

चैत्र लागला की मला घोड्यांचा राग येतो. येतो तर येतो, त्याला मी काय करू? कुणाला उन्हाळ्यात आंबे आठवतात, कुणाला मामाचं गाव. मला बारामतीच्या एसटी स्टँडसमोरचा फ्लेक्स दिसतो आणि डोकं सणकतं. ‘भव्य घोडेशर्यत’ म्हणे. वर घोड्यांचे फोटो, खाली मालकांचे, आणि मालकांच्या गॉगलमध्ये पुन्हा घोडे. शेजारी ज्यांचा घोड्याशी काडीचा संबंध नाही अशा वीसेक जणांची हात जोडलेली मुंडकी. मी त्या फ्लेक्सखालून रोज कॉलेजला जाते आणि रोज मनात चार शिव्या घालते.

आज सकाळीच माहेरून, निरवांगीहून दादाचा फोन आला होता. “नंदे, यात्रा आठ दिवसांवर आली. यंदा तरी येतीस न्हवं?”

“पेपर तपासायचेत,” मी म्हणाले.

“तुझं पेपर बरं दरसाली यात्रेलाच येत्यात. बरं, ऐक की. नवं घोडं आणलंय.”

मी “वर्ग आहे” म्हणून फोन ठेवला. वर्ग कसला? परीक्षा संपून पोरं कधीच घरी गेलीत. रिकाम्या स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसून मी बारावीच्या पेपरांवर लाल रेघा ओढत होते आणि त्यातल्या दोन-तीन पोरांना उगाच कमी मार्क पडले असणार. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय! मग पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासले.

हे रेसचे घोडे आमच्याकडं येतात कसे, ते आधी सांगते. त्यांच्या मालकांचं वर्ष मोठं ऐटीचं असतं. थंडीत घोडे मुंबईला पळवायचे, पावसाळ्यात पुण्याला, आणि उन्हाळा आला की बंगळूर नाहीतर उटी. थंड हवा, हिरवळ, टोप्या घातलेल्या बायका. जे घोडे तिकडं जायच्या लायकीचे राहिले नाहीत, चार शर्यतींत मागं पडले, पायाला सूज आली, ते उन्हाळ्याच्या तोंडावर काढून टाकतात. चांगले घोडे उटीला, बाद घोडे इंदापूरला. आमच्या शेतकऱ्यांना वाटतं विलायती माल मिळाला. अहो, त्यांनी टाकलेलं आपण उचललं, एवढीच ती गोष्ट आहे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

तसा आमचा आला, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आले होते त्या उन्हाळ्यात. पुण्याहून निघालेली घोड्यांची गाडी सोलापूरकडं चालली होती. डाळजजवळ हायवेच्या कडेला एका हॉटेलपाशी ती थांबली आणि दादानं तिथं आपला टेम्पो तिच्या मागच्या तोंडाला लावून घोडा उतरवून घेतला. मी टेम्पोत पुढं बसले होते. खाली उतरून बघते तर हा उंच! माझं डोकं त्याच्या पाठीलाही पुरेना. रंग भाजलेल्या विटेचा, चारही पाय बारीक, अंगावर एक केस वाकडा नाही. दादानं त्याची कागदाची पुस्तिका दोन्ही हातांनी घेतली. तिच्यात घोड्याच्या आईचं नाव, बापाचं नाव, आजा, पणजा, खापरपणजा. आमच्या घरात पणजीचं नाव कुणाला सांगता येत नाही. त्याचं स्वतःचं इंग्रजी नाव दोन शब्दांचं होतं. ते आईच्या जिभेवर बसेना, म्हणून ती त्याला साहेब म्हणाली, आणि तेच राहिलं.

साहेब आला आणि घराचं पार लग्नघर झालं. त्याला कडबा चालत नाही, त्याला विकतचे ओटचे दाणे. त्याला हौदातलं पाणी चालत नाही, त्याला बादलीतलं. माशा बसतात म्हणून आईच्या स्वयंपाकघरातला टेबलफॅन गोठ्यात गेला. आई चुलीसारख्या तापलेल्या त्या पत्र्याच्या खोलीत भाकरी थापायची आणि पदरानं तोंड पुसत म्हणायची, “पुढल्या जल्मी मला घोडा कर रं देवा. पण रेसचा कर, टांग्याचा नगं.” दादाला त्यात टोमणा दिसला नाही. त्याला त्या दिवसांत साहेबाशिवाय काहीच दिसत नव्हतं.

आणि त्याच दावणीला, पंखा पोचत नव्हता त्या कोपऱ्यात, रतन उभी असायची.

रतन आबांची घोडी. आबा म्हणजे आमचे वडील. रतन अस्सल भीमथडी. बुटकी, रुंद छातीची, काळपट, पायाची खुरं दगडासारखी. नाल न मारता ती मुरमावरून दिवसभर चालायची. नीरा आणि भीमा यांच्या बेचक्यातला हा आमचा मुलूख, इथल्या कुसळी गवतावर वाढलेली ही जात. हिच्याच पाठीवर बसून मराठे अटकेपर्यंत गेले, अरबी घोडे वाटेत बसले तरी ही चालत राहिली, असं आबा सांगायचे. पुढं इंग्रज आले. त्यांना उंच घोडे हवे होते. त्यांनी हिला तट्टू ठरवलं आणि सगळ्या गावांना सांगितलं, तुमच्या घोड्या आमच्या विलायती घोड्याकडं आणा, जात सुधारू. आमच्या पणजोबांनी त्यांची घोडी नेली नाही. तालुक्याचा शिपाई आला तेव्हा ती ज्वारीत लपवली आणि बाहेर बांधावर बसून तंबाखू मळत राहिले. रतन तिच्याच वंशातली. मात्र तिची पुस्तिका नव्हती.

मला त्या पुस्तिकेचाच सगळ्यात जास्त संताप यायचा. विलायतेत म्हणे एक वही आहे. तिच्यात नाव असेल तो अस्सल, नसेल तो तट्टू. आणि त्या वहीतले सगळे घोडे तीन बापांपासून आलेले. ते तिन्ही बाप कुठले, तर पूर्वेकडून, तुर्कांच्या आणि अरबांच्या मुलखातून नेलेले! आपल्याकडून न्यायचं, वहीत लिहायचं आणि परत आपल्यालाच तट्टू म्हणायचं. माझ्या लग्नाच्या वेळी एका स्थळाकडून असाच कुळाचा कागद आला होता, चार पिढ्यांचा. मी बघण्याच्या कार्यक्रमातच विचारलं, घोडा किती हात उंच आहे? ते स्थळ मोडलं. आई आठ दिवस बोलली नाही.

तर रतन. तिला गावात एक मान होता. यात्रेच्या शर्यती सुरू होण्याआधी देवाच्या नावानं एका घोडीला मैदान दाखवतात. तिच्यावर भंडारा टाकायचा आणि झेंड्यापासून शेवटच्या खुणेपर्यंत तिला सावकाश चालवत न्यायचं. ती मैदानाबाहेर पडेपर्यंत कुणी ओरडायचं नाही, स्पीकरसुद्धा गप्प. मग शर्यत. हा मान आमच्या घराकडं, म्हणजे रतनकडं होता. आबा त्या दिवशी पांढरा फेटा बांधून तिचा लगाम धरून चालायचे. वर्षभर कारखाना, पाणीपाळी, डाळिंबावरची फवारणी यांत वाकलेला माणूस त्या चारशे पावलांत ताठ व्हायचा.

“आबा, एका दावणीला दोन घोडी परवडत न्हाईत,” दादानं एकदा जेवताना काढलं. “रतन म्हातारी झाली. तिचा उपेग काय?”

“मंग काय करावं म्हंतूस?”

“बाजारात न्यावी. वीटभट्टीवाली घेत्यात.”

आईची भाकरी तव्यावर तशीच राहिली. आबा चूळ भरून आले, गमजानं तोंड पुसलं आणि म्हणाले, “तुझा साहेब यात्रेत जिकला, तर रतन तू म्हनशील तितं जाईल. हरला, तर त्याला आला तसा माघारी लावायचा. मैदानात ठरू दे.”

आबांचा हा ताठा! मला तेव्हा दोघांचाही सारखाच राग आला. म्हातारीचा जीव या दोन बापलेकांनी पैजेला लावला, आणि तिला विचारणारं कुणी नाही. कारण साहेब जिंकणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. पहाटे तो आमच्या तोडलेल्या उसाच्या रानात पळायचा तेव्हा पाचटाचा फुफाटा उडायचा आणि तो फुफाटा खाली बसेपर्यंत हा पार बांधाला.

फक्त एक अडचण होती. साहेबाला झेंडा कळायचा नाही. रेसकोर्सवर लोखंडी खणांत घोडे कोंडून उभे करतात आणि सगळी दारं एकदम खाडकन उघडतात. त्या आवाजावर पळायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. आमच्याकडं एक माणूस झेंडा वर धरतो आणि खाली टाकतो. साहेब झेंड्याकडं बघत उभा राहायचा, अगदी शांत. बाकीची घोडी निम्म्यावर पोचली की याच्या ध्यानात यायचं.

मग दादानं डोकं लढवलं. टेम्पो मागं उभा करायचा, साहेबाला त्याच्या पुढ्यात धरायचं, आणि टेम्पोच्या मागच्या लोखंडी झडपेची, म्हणजे फाळक्याची कडी काढून फाळका सोडायचा. लोखंड लोखंडावर आपटून खाडकन आवाज! चार दिवसांत साहेब त्या आवाजावर तीरासारखा सुटायला लागला. दादा टाळ्या वाजवत नाचला. बेत असा ठरला की यात्रेत झेंडा खाली येईल त्याच क्षणी मागं उभ्या टेम्पोचा फाळका पडेल. पंचांना विचारलं तर ते हसून म्हणाले, फाळक्याला बंदी न्हाय. पण झेंड्याआधी सुटला तर बाद.

ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

आता एक कबूल करायला हवं. साहेब वाईट नव्हता. दुपारी सगळे झोपले की मी गोठ्यात रतनला पाणी दाखवायला जायचे. तो मान लांब करून माझ्या हाताचा घाम चाटायचा, मिठासाठी. त्याची जीभ खरखरीत आणि गरम होती. मी हात काढून घ्यायचे. “लाडात येऊ नको,” म्हणायचे. तो रतनला घाबरायचा हेही मी पाहिलं होतं. ती कान मागं पाडायची आणि एवढा उंच साहेब भिंतीला चिकटून उभा राहायचा.

यात्रेच्या दिवशी ऊन मरणाचं होतं. मैदानाच्या डाव्या हाताला माणसं, उजव्या हाताला दोरी लावून तिला जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधलेल्या, कारण तिकडं डाळिंबाच्या पाइपलाइनसाठी जेसीबीनं खणलेला चर उघडाच होता. बायका दादाच्या टेम्पोच्या सावलीत उभ्या होत्या. मीही तिथंच. फाळका सोडायला दादाचा दोस्त मागं उभा होता. आबा रतनला घेऊन निघाले. सगळीकडं चिडीचूप. तिच्या खुरांचा तेवढा आवाज. आबा एकदाही मागं वळले नाहीत. शेवटच्या खुणेपाशी पोचून त्यांनी तिला बाहेर घेतलं आणि तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. मला इतक्या लांबूनही कळलं की ते तिचा निरोप घेताहेत.

घोडी ओळीत लागली, साहेब टेम्पोच्या पुढ्यात, आणि दादाचा दोस्त तंबाखू थुंकायला चार पावलं बाजूला गेला. पंचानं झेंडा वर केला.

मी फाळक्याची कडी काढली.

एवढंच ठरवलं होतं हो मी. झेंड्याआधी सुटेल, बाद होईल, रतन राहील. तीन पावलांचा हिशोब. चौथं पाऊल माझ्या डोक्यात आलंच नाही.

खाडकन आवाज झाला आणि साहेब एकटा सुटला. बाकीची घोडी जागेवर. लोक ओरडले, “बाद! बाद!” त्याच्यावर बसलेल्या स्वारानं लगाम ओढला. पण या घोड्यांना लगाम ओढला की अजून जोर करायचं शिकवलेलं असतं, हे ना त्या बिचाऱ्या स्वाराला ठाऊक, ना आम्हाला. आणि दुसरंही एक आम्हाला ठाऊक नव्हतं. मुंबईला काय, पुण्याला काय, पांढरा कठडा कायम उजव्या हाताला ठेवून पळायचं. आमच्या मैदानात कठडा नव्हता. साहेब तो शोधत उजवीकडं सरकत गेला, सरकत गेला, साड्यांची दोरी छातीनं तोडली आणि चरात गेला.

स्वाराचं कोपर सोलवटलं. साहेबाचा पुढचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला होता आणि तो त्याच पायावर उठायला बघत होता. पुन्हा पुन्हा. इंदापूरहून जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवर आले, वाकून बघितलं, दादाकडं बघून मान हलवली. दादानं चरात उतरून त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या टोपीनं त्याचा डोळा झाकला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. ज्या जेसीबीनं चर खणला होता त्याच जेसीबीनं संध्याकाळी तिथंच पलीकडं खड्डा काढला. बाकीच्या शर्यती दुसऱ्या दिवशी झाल्या. समालोचक नेहमीसारखाच ओरडत होता.

फाळका कसा पडला, याची गावात चर्चा झाली. कुणी म्हणालं वाऱ्यानं, कुणी म्हणालं पोरं लोंबकळली असतील. मी भाकरी वाढत होते.

तिसऱ्या दिवशी आबा गोठ्यात रतनला खरारा करत होते. मला बघून हात थांबवला नाही. “फाळका आपसूक पडत न्हाय,” ते म्हणाले. “त्याला कडी असती.”

मी पाण्याची बादली उचलली.

“रतन ऱ्हायली,” ते म्हणाले. “आता तिच्या डोळ्यांत बघून दाव.”

मला नाही दाखवता आलं. रतन त्यानंतर चार वर्षं जगली, म्हातारपणानं घरच्याच दावणीला गेली. त्या चार वर्षांत मी तिला पाणी दाखवलं, वैरण टाकली, पण बाजूनं. यात्रेत तिला मैदान दाखवायला आबा नेत राहिले, पण फेटा बांधला नाही. शेवटपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, ना माझ्यापाशी, ना दादापाशी. मला वाटायचं, चला, आपल्याबरोबरच जाईल हे. मी बारामतीला आले, नोकरी लागली, संसार लागला. चैत्र आला की फ्लेक्सना शिव्या घालायला लागले. रेसवाल्यांना, इंग्रजांना, त्यांच्या वहीला, मालकांच्या गॉगलला. खाई त्याला खवखवे, हे मी पोरांना म्हणींच्या तासाला शिकवत नाही, तो विषय माझा नाही. पण मला पाठ आहे.

दादाची एक खोड आहे, तिच्यावर मी वर्षानुवर्षं हसत आलेय. कुठलाही टेम्पो, ट्रक, पिकअप उभा दिसला की हा मागं जातो आणि फाळक्याची कडी हलवून बघतो. ओळखीचा असो नसो. माझ्या लग्नात रुखवताचा टेम्पो आला तर नवरीचा भाऊ पाहुण्यांना सोडून कडी हलवत उभा! मी भर मांडवात म्हणाले होते, “दादा, सोनं चोरीला जायचं नाही त्यातून, भांडीच आहेत.” सगळे हसले. तोही हसला.

दुपारी चारला त्याचा परत फोन आला. पेपरांचा गठ्ठा बांधून झाला होता, स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं.

“सकाळी घाईत हुतीस,” तो म्हणाला. “घोडं आणलंय म्हनलं न्हवं? भीमथडी घोडी हाय बरं का. रेसची न्हाय. रतनवानी. शर्यतीला न्हाय, मैदान दाखवायला. आबांचा मान पुन्हा घराकडं यावा म्हनून.”

मी “बरं” म्हणाले.

“तू यात्रेला का येत न्हाईस ते मला ठावं हाय, नंदे.”

मी खुर्चीचा हात धरला.

“माझं तोंड बघवत न्हाय तुला. बरुबर हाय तुझं. तुझा जीव हुता साहेबावर, दुपारी त्याला हात चाटू द्यायचीस, मी बघायचो. आनि मी त्याला मारला.” “त्या दिवशी मी फाळक्याची कडी लावली हुती का न्हाय, मला आजून आठवत न्हाय. सकाळधरनं गडबड हुती. लावली असंल म्हनतो. पण लावली असती तर पडला कसा? रोज इचार करतो. आबांना येकदा इचारलं, तर आबा नुसतं माझ्याकडं बघत बसलं. म्हंजी मीच की.”

बाहेर स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा चालली होती. इंदापूर, निरवांगी असं काहीतरी. मी एवढी वर्षं दुसऱ्याच माणसांवर संतापत बसले होते, आणि माझा भाऊ गावोगावच्या टेम्पोंच्या कड्या हलवत फिरत होता.

“दादा,” मी म्हणाले, “कडी लावलेली होती.”

 तो हळूच म्हणाला, “तुला काय ठावं?”